ताम्हिणीपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत

पुण्याहून अम्मीच्या माहेरी जायचे तर दोन वाटा आहेत. दोन्ही ताम्हिणी घाट उतरून माणगावला येतात. तिथून एक वाट मुंबई-गोवा महामार्गाने टोळ फाट्यापर्यंत जाते, आंबेतला वळते आणि अंतुले साहेबांच्या या गावाजवळ सावित्री ओलांडून मंडणगडला चढते. दुसरी वाट म्हसळा, श्रीवर्धन करीत बागमांडल्याला येते. तिथे गाडी जंगलजेट्टीवर चढवायची आणि खाडीपलीकडे वेसवीला उतरवायची. मग बाणकोट आलेच. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री येथे समुद्राला मिळते. टेकडीवर बाणकोटचा किल्ला आहे. मराठ्यांच्या काळात तो हिम्मतगड होता, इंग्रजांनी त्याचा फोर्ट व्हिक्टोरिया केला. अम्मीचे गाव याच टापूत आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी फजरच्या नमाजनंतर फोन आला. अम्मीचे थोरले भाऊ, आमचे मामू, अल्लाहला प्यारे झाले होते. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. जनाजा जुहरनंतर ठरला. पाऊस जोराचा होता, जंगलजेट्टीचा भरवसा नव्हता, म्हणून आम्ही आंबेतची वाट धरली.

आमची गाडी जर्मन बनावटीची, पण आमच्याकडे आली ती दुसऱ्या हाताची. तिला रनफ्लॅट टायर होते. साध्या टायरमध्ये गाडीचे वजन आतली हवा पेलते. हवा गेली की टायरची कड दुमडते आणि गाडी रिमवर येते. रनफ्लॅटची कड मुळातच जाड, भक्कम रबराची असते. हवा गेली तरी ती वजन उचलून धरते. कंपन्या साधारणपणे सांगतात की, हवा नसताना ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून ८० किलोमीटरपर्यंत जाता येते. म्हणूनच अशा बहुतेक गाड्यांच्या डिकीत स्टेपनी नसते. आमच्याही नव्हती. तिची आठवणही आम्हाला कधी झाली नव्हती.

ताम्हिणीत धुके होते. एका वळणावर खड्ड्यातल्या पाण्याखालचा धारदार दगड लागला आणि समोर पिवळा दिवा पेटला. गाडी मात्र सरळ चालत राहिली. खरे सांगायचे तर त्या घाटात, त्या पावसात, मागे ट्रक येत असताना उतरून चाक बदलावे लागले नाही, हा अल्लाहचा करमच होता. रनफ्लॅटने त्या वेळी आपले काम चोख केले.

चूक पुढे झाली, आणि ती आमची होती. माणगावात आम्ही तीन टायरवाल्यांकडे फिरलो. त्या मापाचा टायर कोणाकडेच नव्हता. तिसऱ्याने टायरवर हात फिरवून सांगितले, "साहेब, ही कड इतकी कडक आहे की माझ्या मशीनवर उतरणार नाही. आणि उतरला तरी बिनहवेचा इतका चाललेला टायर मी पंक्चर काढून देणार नाही. आतून रबर जळलेले असते, ते बाहेरून दिसत नाही." त्या माणसाने आपला धंदा सोडून खरे सांगितले. तिथेच गाडी ठेवून एखादी जीप केली असती तर वेळेत पोहोचलो असतो. पण आम्ही ८० किलोमीटरचा हिशेब करीत बसलो. घाटापासून किती झाले, मंडणगडपर्यंत किती उरले, हळू गेलो तर निभेल.

निभले नाही. आंबेतचा पूल ओलांडून चढ लागला आणि गाडी डगमगू लागली. जळक्या रबराचा वास आला. मोबाइलला रेंज नव्हती. अर्ध्या-पाऊण तासाने एक रिक्षा मिळाली. गावात पोहोचलो तेव्हा लोक कबरस्तानातून परतत होते. आम्हाला माती देता आली नाही. अम्मीला भावाचा चेहरा पाहता आला नाही. त्या आम्हाला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढे कधी विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. फिकहच्या प्रचलित हिशेबाने साधारण ४८ मैलांच्या, म्हणजे ७७ किलोमीटरच्या आसपासच्या सफरीवर निघालेला माणूस मुसाफिर ठरतो, त्याला नमाजमध्ये कस्रची सवलत मिळते. म्हणजे जेवढ्या अंतराने माणूस मुसाफिर होतो, जवळजवळ तेवढ्यावरच हा टायर हात टेकतो. जिथे ८० किलोमीटरच्या आत तो टायर आणि ते मशीन असलेले दुकान हमखास भेटते, त्या मुलखासाठी तो उत्तमच. आमचा रस्ता तसा नाही. आमच्या रस्त्यावर पंक्चरवाला दर गावात आहे, पण त्याच्याकडे साध्या टायरचे काम होते.

उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, या अर्थाची तिर्मिजी शरीफमधली हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आमचा उंट मोकळाच होता.

या हिवाळ्यात आम्ही टायर बदलले. चारही एकदम बदलले, कारण रनफ्लॅट आणि साधे अशी मिसळ केली तर गाडीची पकड आणि वळणावरचा तोल बिघडतो. माप तेच ठेवले. वजन पेलण्याचा आणि वेगाचा आकडा कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी नसेल हे दुकानात उभे राहून वाचून घेतले. टायर रनफ्लॅट आहे की नाही हे त्याच्या कडेवरच्या खुणेवरून कळते. कुठे आरएफटी असते, कुठे एसएसआर, कुठे झेडपी, कंपनीप्रमाणे वेगळी. हवेचा दाब सांगणारा दिवा चालू ठेवला. जुन्या बाजारातून त्याच मापाची रिम मिळवून स्टेपनी केली. जॅक, पाना आणि हवा भरायचा छोटा पंप घेतला. स्टेपनीने निम्मी डिकी खाल्ली. अम्मी म्हणाल्या, "माझी पिशवी पायाशी ठेवीन मी. ते चाक राहू दे."

मग जानेवारीत निघालो. फरक ताम्हिणीतच कळला. रनफ्लॅटच्या कडक कडेमुळे प्रत्येक खड्डा अम्मींच्या कमरेपर्यंत पोहोचायचा आणि त्या मुठी आवळून बसायच्या. या वेळी निजामपूर येईपर्यंत त्यांना झोप लागली होती. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा किंचित झुकते, हेही खरे. वेग थोडा कमी ठेवला की झाले.

म्हसळ्याच्या अलीकडे तोच पिवळा दिवा पुन्हा पेटला आणि सगळे गप्प झाले. चाकात खिळा होता. आंब्याच्या सावलीत गाडी घेऊन, मागच्या चाकाला दगड लावून, अर्ध्या तासात स्टेपनी चढवली. श्रीवर्धनला पंक्चरवाल्याने टायरवर साबणाचे पाणी टाकले, बुडबुडे आले तिथला खिळा उपसला आणि भोकात रबराची पट्टी ठोसली. तेवढ्यात आम्ही जवळच्या मशिदीत जुहर कस्र अदा केली. परत आलो तर टायर तयार होता.

बागमांडल्याला जंगलजेट्टी लागलेलीच होती. पाणी शांत होते. अम्मी काच खाली करून पलीकडचा किनारा पाहत राहिल्या. लहानपणी होडीने ही खाडी ओलांडल्याच्या गोष्टी त्यांनी मुलांना सांगितल्या.

गावाच्या वेशीवर कबरस्तान आहे. अम्मींनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरल्या नाहीत. भिंतीपलीकडे पाहत बसल्या जागीच फातिहा पढल्या, बराच वेळ हात उचलून दुआ केली. मग ओढणीने चेहरा पुसून म्हणाल्या, "चला, भाभी वाट पाहत असेल."