हिरवी खूण आणि वगळलेला फोल्डर

दुकानातल्या संगणकात काहीतरी घुसलंय, हे मला गिऱ्हाइकांच्या आधी कळायला हवं होतं. कळलं त्यांच्यानंतर. कात्रजला भारती विद्यापीठाच्या परिसरालगत माझं झेरॉक्स, प्रिंट आणि मराठी टायपिंगचं दुकान आहे. सबमिशनच्या दिवसांत एकाच यूएसबी पोर्टमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत पेनड्राइव्ह लागत-निघत असतात. एकाची घाण दुसऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये जायला याहून सोयीची जागा नाही, आणि ती जागा माझ्या ताब्यात होती.

एक विद्यार्थिनी प्रोजेक्ट छापून घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. तिच्या पेनड्राइव्हमधल्या प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर कोपऱ्यात छोटा बाण आला होता. "दादा, लॅबमध्ये सर म्हणाले व्हायरस आहे. मी फक्त तुमच्याकडेच लावला होता. माझं सगळं गेलं का हो?"

"आमच्याकडे अँटिव्हायरस आहे, इथून नसेल आलं," मी म्हणालो. काहीही न तपासता म्हणालो.

तिचं काही गेलं नव्हतं. हा व्हायरस खरे फोल्डर लपवून ठेवतो आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट पुढे करतो. शॉर्टकट उघडला की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो, त्यामुळे माणसाला शंकाही येत नाही. 'अ‍ॅट्रिब' कमांडने लपवल्याची खूण काढली तेव्हा तिचे फोल्डर जसेच्या तसे दिसले. पण ते माझ्याकडून लागलं होतं का, याचं उत्तर मी तेव्हाही शोधलं नाही.

शोधलं ते आणखी एकाची तीच तक्रार आली तेव्हा. विंडोज सिक्युरिटी उघडलं तर सगळीकडे हिरवी खूण, एकही धोका नाही. टास्क मॅनेजरमध्ये 'एसव्हीसीहोस्ट'च्या ओळीच ओळी होत्या. हे विंडोजचंच नाव; चालू संगणकात त्याच्या डझनावारी प्रती असतात. म्हणून मी नजर पुढे नेली. त्यातल्या एकीवर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हटलं असतं, तर तिथेच कळलं असतं. खरी फाइल विंडोजच्या 'सिस्टम ३२' फोल्डरमध्ये असते. माझ्याकडची ही खोटी फाइल राहत होती युजरच्या 'अ‍ॅपडेटा'मध्ये. प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स'चा टॅबच नव्हता, आणि स्टार्टअपच्या यादीत मात्र ती होती. नाव कुणालाही कुठलंही देता येतं. पत्ता बघावा लागतो.

मग हिरवी खूण कशी? हे सांगायला मला जड जातं. संगणक जुळवून घेतला तेव्हा मी विंडोजच्या परवान्याचे पैसे वाचवले होते आणि कुठूनसा उतरवलेला अ‍ॅक्टिव्हेटर चालवला होता. त्याच्या सूचनेत लिहिलं होतं, 'आधी अँटिव्हायरसमध्ये हे फोल्डर वगळा'. मी 'एक्स्क्लूजन्स'मध्ये जाऊन वगळले, त्यांत हे 'अ‍ॅपडेटा'ही होतं, आणि विसरलो. अँटिव्हायरस त्या खोल्यांत पाऊलच ठेवत नव्हता. ही यादी आजही अनेक दुकानांच्या संगणकांत असणार, असं मला मनापासून वाटतं. दुकानदारांनी आज ती उघडून बघावी. मी ती रिकामी केली, ऑफलाइन स्कॅन लावला, शेवटी विंडोज नव्याने टाकलं, या वेळी परवान्यासह.

पुण्यात हे दुखणं जुनं आहे. कैलास काटकर इथे कॅल्क्युलेटर आणि संगणक दुरुस्त करायचे. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत फ्लॉपीवाटे व्हायरस शिरलेले असत. ते काढायला त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी प्रोग्रॅम लिहिले, त्यातून १९९५च्या सुमारास क्विक हील उभं राहिलं. फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आला, बाकी वाट तीच. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावर २०१७पासून 'यूएसबी प्रतिरोध' नावाचं साधन फुकट मिळतं. पेनड्राइव्हला आवर घालायलाच ते केलंय. मला ते माहीत नव्हतं.

यानंतर मी घाबरलो, आणि घाबरून दुसऱ्या टोकाला गेलो. प्रत्येक फाइल व्हायरसटोटलवर टाकायला लागलो. स्पेनमधल्या मालागात २००४मध्ये सुरू झालेली आणि २०१२मध्ये गूगलने घेतलेली ही सेवा. एक फाइल द्या, ७०च्या आसपास अँटिव्हायरस तिच्याबद्दल काय म्हणतात ते ती दाखवते. मराठी टायपिंगचं आमचं जुनं सॉफ्टवेअर तपासलं, तर दोन-तीन अनोळखी इंजिनांनी लाल केलं. मी ते शिफ्ट-डिलीट मारून उडवलं.

लाल रंग का आला, हे मी वाचलंच नाही. निकालात 'जेनेरिक' आणि 'ह्युरिस्टिक' असे शब्द होते, म्हणजे ओळख पटलेली नाही, वागण्यावरून संशय आहे. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर आपण दाबलेली प्रत्येक कळ पकडतं आणि तिच्या जागी मराठी अक्षर देतं. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही कळाच पकडतो. त्यात हे सॉफ्टवेअर जुनं, करणाऱ्याची डिजिटल सही नाही, संशय येणारच. नामांकित इंजिनांपैकी एकानेही बोट ठेवलं नव्हतं. संतोषनगरमधले एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आईच्या आठवणी टाइप करून घेत होते. इन्स्टॉलरची सीडी हरवलेली, मजकूर युनिकोडमध्ये नाही, काम अडकलं. फाइल क्वारंटाइनमध्ये ठेवली असती तर एका क्लिकवर परत आली असती. सर रोज संध्याकाळी येऊन "झालं का काही?" एवढंच विचारायचे, त्याचा मला फार त्रास झाला. शेवटी एका ओळखीच्या डीटीपीवाल्याकडून जुनी प्रत मिळाली.

सगळ्यात मोठी चूक त्याच घाईतली. आंबेगावच्या एका गृहस्थांची वर्ड फाइल उघडताच 'एनेबल कंटेंट'ची, म्हणजे फाइलमधला मॅक्रो प्रोग्रॅम चालवायची परवानगी मागणारी, पिवळी पट्टी आली. पट्टीवर क्लिक केलं नाही, हे ठीक. पण फाइल सरळ व्हायरसटोटलवर चढवली. तिच्यात त्यांचा पॅन क्रमांक, पगार, घराचा पत्ता, सगळं होतं. तिथे दिलेली फाइल तपासून फेकून दिली जात नाही. अँटिव्हायरस कंपन्यांना आणि पैसे भरून सेवा घेणाऱ्या संशोधकांनाही ती मिळू शकते. त्या पानावर हे लिहिलेलं असतं.

फाइल न देताही विचारता येतं, हे मी नंतर शिकलो. 'सर्टयूटिल हॅशफाइल' या विंडोजमधल्याच कमांडमध्ये फाइलच्या नावापुढे 'एसएचए२५६' लिहिलं, की ती फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढून देते. तो शोधपट्टीत टाकायचा. तीच फाइल आधी कुणी तपासली असेल तर निकाल समोर येतो. नसेल तर काहीच येत नाही, आणि काही न येणं म्हणजे फाइल स्वच्छ असणं नव्हे.

त्या गृहस्थांना मी बोलावून सांगितलं. "परत घेता येईल का ती?" त्यांनी विचारलं. काढून टाकण्याची विनंती करता येते, ती मी केली होती. पण तोवर कुणी प्रत उतरवून घेतली असेल तर ती आपल्या हातात नाही, हेही सांगितलं. ते चिडले, आणि त्यांचं चिडणं बरोबर होतं. मग बँकेत कुणाला कळवायचं, कर्जाच्या चौकशीचा एखादा अनोळखी मेसेज आला तर काय करायचं, हे आम्ही दुकानातच बसून कागदावर लिहून काढलं.