या हातातून त्या हातात

शनिवारी संध्याकाळी आजी काळ्या मनुका भिजत घालायची. रविवारी पहाटे त्या उकळायच्या, हाताने कुस्करायच्या आणि जुन्या धोतराच्या धुवट फडक्यातून गाळायच्या. पातेल्यात जांभळट रस उतरू लागला की घरात कुणी मोठ्याने बोलत नसे. शेजारी पावाच्या कडा काढून पांढरे चौकोनी तुकडे करणं चालू असे. कडा आम्हा मुलांना मिळत, तुकड्यांना मात्र हात लावायचा नाही. आजोळ जालन्याचं, आम्ही हैदराबादच्या नल्लकुंट्याचे. मे महिन्यात काचीगुड्याहून मीटरगेजच्या गाडीत बसायचो, ते या रविवारच्या ओढीने.

आजीची मंडळी स्कॉटिश मिशनच्या वळणाची, प्रेस्बिटेरियन. संस्कार दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. समोर वेदी नव्हती, पांढरी चादर घातलेलं साधं मेज होतं. प्रार्थना झाली की लोकांनी पुढे जायचं नाही, जागेवरच बसून राहायचं. मंडळीचे वडील ताट घेऊन येत आणि ते ताट बाकामागून बाक या हातातून त्या हातात सरकत जाई. प्रभू शिष्यांबरोबर जेवायला बसला होता, म्हणून आपणही बसूनच घ्यायचं, हा स्कॉटलंडात जॉन नॉक्सच्या काळापासूनचा आग्रह. आजी त्याला एका शब्दात सांगायची : पंगत.

लहानपणी ताट माझ्या मांडीवरून पुढे जाई. धरायचं, पण घ्यायचं नाही. सतराव्या वर्षी मंडळीपुढे उभं राहून विश्वासाची कबुली दिली आणि पुढच्या प्रभुभोजनाला पहिल्यांदा तुकडा उचलला. ताट माझ्याकडे देणाऱ्या बाई शेतावर मजुरीला जायच्या. त्यांच्या बोटांना भेगा होत्या, भेगांत काळी माती होती. त्या हातातून आलेला तुकडा मी तोंडात घातला. आजी माझ्याकडे बघत होती.

तिला काय बघायचं होतं, ते तिने त्या दुपारी सांगितलं. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तिथे जेवला. कोर्टाने मुलाला बापाच्या हवाली केलं, पण त्याला पुन्हा जातीत घ्यावं की नाही यावर शहरात रान पेटलं. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या शुद्धीसाठी उभे राहिले आणि त्यांनाही लोकांचा रोष सोसावा लागला. एवढं सगळं चार घासांवरून. पुढे नारायण शेषाद्री पाळक होऊन जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसवलं. तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांत पुष्कळशी मातंग समाजातली. ब्राह्मण घरात जन्मलेला पाळक आणि वेशीबाहेर ठेवलेली माणसं, यांच्यामध्ये एक मेज. या दख्खनच्या मातीत त्या तुकड्याचा अर्थ इथल्या माणसांना समजावून सांगावा लागला नसेल.

लग्नानंतरही मी नल्लकुंट्यातच राहिले आणि तेलुगू मंडळीत जाऊ लागले. दक्षिणेत 1947 साली निरनिराळ्या परंपरांची चर्चेस एक होऊन चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, तिकडे जालन्यासारख्या मंडळ्या 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात गेल्या. इथे लोक पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात. पहिली काही वर्षं मला ते परकं वाटलं. गुडघे टेकल्यावर शेजारी कोण आहे ते दिसत नाही, असं मी आजीला म्हणाले. ती म्हणाली, ‘‘खांदा लागतो ना?’’ खांदा लागत होता.

शेवटची दोन वर्षं आजी आमच्याकडे होती. फीवर हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, खाटेवर. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन आले तेव्हा एकटे आले नाहीत, मंडळीतली चार माणसं बरोबर होती. संस्कार मंडळीचा असतो, म्हणून मंडळीच घरी येते, ही तर आजीचीच शिकवण. पाळक तेलुगूत बोलत होते, ती मराठीत ‘आमेन’ म्हणत होती. तिच्या हातात ताट दिलं, तिने तुकडा घेतला आणि ताट पाळकांना परत न देता, थरथरत्या हातांनी माझ्याकडे सरकवलं.

आज पहाटे मनुका मी उकळते. आणि एक गोष्ट मला छळते. याच बाकांवर बसणारी आपली माणसं मुलामुलींची स्थळं बघताना हळूच विचारतात, मूळचे कोण? ताटाने हा प्रश्न कधीच विचारला नाही. ज्या हातातून रविवारी तुकडा घेतला, त्या हाताची जात सोमवारी विचारू नका. आपल्या मंडळीला माझं एवढंच मागणं आहे.