रविवार दुपारचा डान्सफ्लोअर

बर्लिनमध्ये नाचायला जायची माझी वेळ म्हणजे रविवारी सकाळी अकरा. सांगलीतल्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना वाटतं, मी कुठल्या तरी क्लासबद्दल बोलतेय. पण इथले काही मोठे टेक्नो क्लब शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास उघडतात ते थेट सोमवारी सकाळपर्यंत सुरू असतात. रात्री ठरावीक वाजता बार आणि नाचघरं बंद करायचा नियम पश्चिम बर्लिनने १९४९ सालीच काढून टाकला, म्हणून हे चालतं. शनिवारी रात्री गाढ झोपायचं, सकाळी आंघोळ करून पोहे खायचे, सपाट तळव्यांचे बूट घालायचे आणि यू-बानने, म्हणजे इथल्या मेट्रोने, क्लब गाठायचा. मी नाचायला शिकले ती अशीच, ताजीतवानी असताना. रात्रीच्या गर्दीत, हातात ग्लास धरून मला ते जमलं नसतं असं माझं ठाम मत आहे. दारूने लाज कमी होते म्हणतात, पण तिच्याबरोबर कानही बोथट होतो, आणि नाच शिकताना पहिला लागतो तो कान.

शाळेच्या गॅदरिंगला मी कायम मागच्या रांगेत. घरच्या लग्नांत वरात निघाली की कुणाची पर्स, कुणाचं तान्हं बाळ, पाण्याची बाटली असं काहीतरी हातात घेऊन मी कडेकडेने चालायचे. "ये की गं!" म्हणत कुणी मनगटाला धरून ओढलं की अंग आखडून जायचं. मला त्याचं वाईट वाटायचं, कारण ताशा कडाडला की छातीत काहीतरी उसळायचं आणि ते अंगात उतरायला वाटच मिळायची नाही. पुढे नोकरीसाठी इकडे आले. तिशी उलटून गेली होती आणि नाच हा आपला प्रांत नाही, हे मनाशी जवळजवळ पक्कं झालं होतं.

इथे क्लबात शिरताना दारावरचा माणूस आपल्या फोनच्या पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यांवर छोटे रंगीत स्टिकर लावतो. आत फोटो काढायचे नाहीत, व्हिडिओ घ्यायचे नाहीत. स्टिकर काढून कुणी शूटिंग करायला लागलं तर त्याला बाहेर काढतात. या टिकलीएवढ्या कागदाने काय केलं ते मला आत गेल्यावर लगेच कळलं. आपल्याकडे वरातीत नाचणारे जेवढे, तेवढेच मोबाईल उंचावून उभे असतात. आपला एखादा वेडावाकडा हातवारा दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर फिरतो आणि आत्या-मावश्या त्यावर आठवडाभर बोलतात. ही भीती मनाची समजूत घालून जात नाही. तिच्यासाठी दारातच काहीतरी सोय असावी लागते. बऱ्याच क्लबांत 'अवेअरनेस टीम' म्हणून माणसं नेमलेली असतात. कुणी अंगचटीला आलं, नको म्हटल्यावरही मागे लागलं, तर त्यांना सांगायचं. ते येऊन बघतात. बाईला अनोळखी गर्दीत डोळे मिटून नाचता येईल की नाही, हे बरंचसं यावर ठरतं. नाचाचा आत्मविश्वास असं आपण म्हणतो तेव्हा यातलं किती माणसाच्या अंगचं आणि किती जागेचं, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

आत गेल्यावर सुरुवातीला मी खांबापाशी उभी राहायचे आणि लोकांच्या पायांकडे बघायचे. आवाज एवढा की बरगड्यांना जाणवतो. कानात इअरप्लग घालायचे हे मी पहिल्यापासून पाळलं. शंभर डेसिबलच्या आवाजात कानाला दिवसाकाठी पंधरा मिनिटंच सुरक्षित, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं प्रमाण आहे, आणि इथे तर आपण तास न् तास असतो. शिवाय चांगल्या इअरप्लगमधून सगळा आवाज सारखाच खाली येतो आणि संगीत उलट स्पष्ट ऐकू येतं. मला त्याचा फार उपयोग झाला. धडधडाटाच्या आत काय काय चाललंय ते सुटं सुटं कळायला लागलं.

तळाशी असते ती किक. दर मात्रेला एक ठोका, एक-दोन-तीन-चार, न चुकता. दोन किकच्या बरोब्बर मधल्या जागेत हाय-हॅटचा पातळ 'त्स'. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर बहुतेक वेळा टाळी. हाऊस संगीताचा वेग मिनिटाला साधारण १२० ते १३० मात्रांचा, टेक्नोचा त्याहून चढा. चार-चार मात्रांचे हे आवर्त आठ वेळा झाले, म्हणजे बत्तीस मात्रा भरल्या, की बहुधा काहीतरी बदलतं: एखादा आवाज आत येतो, एखादा निघून जातो. १२८ च्या वेगाला या बत्तीस मात्रा पंधरा सेकंदांत होतात. घरी भांडी घासताना हेडफोन लावून मी हे मोजायला लागले. मोजता मोजता एक दिवस असं झालं, की बदल येण्याच्या आधीच मान उचलली गेली. कानाला कळलं होतं, आता येणार. पुढे काय येणार ते माहीत असलं की शरीराला घाबरायचं कारण उरत नाही. माझा तरी अनुभव असा, की धीर गोळा करून नाचता आलं नाही. ऐकता यायला लागल्यावर धीर आपोआप आला.

पायांचं काम त्यामानाने सोपं निघालं. प्रत्येक किकवर पाऊल टाकायला गेलं की दहा मिनिटांत दम लागतो आणि कवायत केल्यासारखं दिसतं. म्हणून दोन किकमागे एकदा वजन बदलायचं. पहिल्या मात्रेला उजव्या पायावर, तिसरीला डाव्या. पाऊल उचलायचंसुद्धा नाही, नुसता भार इकडून तिकडे न्यायचा. गुडघे किंचित वाकलेले. ते ताठ राहिले की कंबर हलत नाही, आणि कंबर हलली नाही की हात उगाच लोंबतात. हातांचं काय करायचं हा नवख्याचा सगळ्यात मोठा प्रश्न. त्याचं उत्तर हातात नसतं. भार नीट फिरायला लागला की खांदा हलतो आणि खांद्यामागून हात येतो. कोपरं बरगड्यांजवळ सैल ठेवायची, एवढंच मी लक्षात ठेवलं.

हे मला सांगितलं ते साठीच्या घरातल्या एका बाईंनी. करड्या केसांच्या, हातात काळा घडीचा पंखा. आत उकाडा फार असतो, त्यामुळे असे पंखे बरेच जण बाळगतात. त्या खांबाजवळच नाचायच्या, अगदी थोड्या जागेत, फरशीच्या एका लादीवर मावेल एवढंच. एका रविवारी त्यांनी पंख्याने मला वारा घातला, हसल्या, आणि कानाजवळ येऊन म्हणाल्या, "एवढं मोठं करू नकोस. लहान कर, मग दिवसभर टिकशील." खरोखरच त्या दिवसभर टिकायच्या.

सगळ्यात अवघड जागा म्हणजे किक अचानक थांबते ती. याला ब्रेकडाऊन म्हणतात. तळाचा ठोका काढून घेतात, वर नुसते सूर तरंगत राहतात, आणि आपण मध्येच उघडे पडल्यासारखे होतो. पूर्वी अशा वेळी मी पाणी आणायला म्हणून निघून जायचे. मग बाकीचे काय करतात ते नीट बघितलं. जाणती माणसं त्या वेळी जवळजवळ काहीच करत नाहीत. कुणी डोळे मिटतं, कुणी खांद्यातून हळूच डुलतं, कुणी घाम पुसतं. पण त्यांची मोजणी आत चालूच असते. मग वरचे आवाज चढत जातात, ड्रम दाट होत जातो, एक क्षण सगळं रिकामं होतं आणि किक परत येते. शंभर-दोनशे माणसांचं वजन एकाच क्षणी एकाच बाजूला पडतं. त्या क्षणी मीही त्यांच्याबरोबर अचूक पडले, तेव्हा तोंडातून ओरडण्यासारखं काहीतरी निघालं. शेजारच्या अनोळखी मुलाने टाळीसाठी तळहात पुढे केला आणि मी ती दिली. वरातीच्या कडेने चालताना मला हवं होतं ते हेच.

या संगीताचा इतिहास मी नंतर वाचला आणि त्याने माझं नाचणं बदललं. शिकागोतल्या 'वेअरहाऊस' नावाच्या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स संगीत वाजवायचे; 'हाऊस' हे नाव त्या क्लबवरूनच आलं असं मानतात. तिथे येणारे बहुतेक काळे आणि लॅटिनो समलिंगी तरुण होते. बाहेरच्या शहराने ज्यांना जागा नाकारली त्यांनी रात्रीपुरती स्वतःची जागा केली. टेक्नो आला डेट्रॉइटच्या काळ्या तरुणांकडून. भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमधल्या ओस इमारतींत तो रुजला. 'ट्रेझोर' हा क्लब १९९१ मध्ये एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीच्या तळघरात सुरू झाला आणि डेट्रॉइटचे कलाकार तिथे येऊन वाजवू लागले. बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला २०२४ मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत जागा मिळाली. हे वाचल्यावर डान्सफ्लोअरवर परवानगी मागत असल्यासारखं उभं राहणं मी सोडलं. ज्यांना कुठेच सामावून घेतलं नाही त्यांनी ही जमीन तयार केली आहे, आणि अवघडलेल्या माणसाचा तिच्यावर पुरेपूर हक्क आहे.

मग नॉयकोल्नमधल्या एका स्टुडिओत हाऊस डान्सचा क्लास लावला. तिथे पावलांच्या आधी शिकवतात ते 'जॅक': छातीपासून पोटापर्यंत जाणारी, किकबरोबर पुढे-मागे होणारी लाट. बाहेरून ती जेमतेम दिसते, पण ती आली की बाकीचं सगळं तिच्यावर बसतं. मला ती यायला फार वेळ लागला. पाठ वर्षानुवर्षं खुर्चीत ताठ बसलेली. तिला सुटायला सवड द्यावी लागली.

मागच्या उन्हाळ्यात आई इथे आली होती. रविवारी मी परत आले की ती विचारायची, "एवढा वेळ करतेस तरी काय गं तिथे?" एकदा स्वयंपाकघरात छोट्या स्पीकरवर एक हाऊसचा तुकडा लावून तिला दाखवलं. ती ओट्याशी कणीक मळत होती. थोडं ऐकून म्हणाली, "हा चाराचाच ठेका आहे की. शाळेत लेझीम खेळायचो आम्ही याच्यावर." हात धुतले, पदर खोचला, आणि हातात लेझीम असल्यासारख्या मुठी धरून दोन पावलं पुढे, दोन मागे, चौथ्या मात्रेला वाकून उठली. गुडघे दुखतात म्हणणारी माझी आई. मी तिच्या बाजूला उभी राहून माझा जॅक केला. मग ती माझ्याकडे बघत म्हणाली, "ओठ हलतायत तुझे. मोजू नको, बघू." मी मोजणं थांबवलं. पहिल्यांदा एक-दोन मात्रा निसटल्या, मग पाय आपले आपण चालू राहिले. पोळ्यांना त्या दिवशी उशीर झाला.

आजही हाऊस डान्समधली 'लूज लेग्ज' ही पावलं मला पूर्ण वेगात येत नाहीत. ११८ च्या संथ गाण्यावर येतात, त्याच्या वर पाय एकमेकांत अडकतात. सराव चालू आहे. पुढच्या उन्हाळ्यात आई पुन्हा येणार आहे आणि तिला क्लब आतून बघायचाय. रविवारी दुपारी, गर्दी कमी असते तेव्हा नेईन म्हणते. बसायला कोपऱ्यात बाकं आहेत, पाणीही मिळतं. तिच्या कानाला बसतील असे इअरप्लग तेवढे आधी शोधून ठेवायला हवेत.