हात लागलेला फोटो

कॅमेऱ्यातून आलेला फोटो छापला जातो आणि त्याच कार्डावरचा, मी हात फिरवलेला फोटो छापला जात नाही. वसई-विरारमध्ये लग्नाच्या मांडवात छोटा प्रिंटर मांडून पाहुण्यांना तिथल्या तिथे फोटो देणाऱ्यांना हे दुखणं समजावून सांगायला नको. रिबन नवी, कागद कोरडा, कार्ड ठीक, तरी प्रिंटरच्या पडद्यावर चित्राच्या जागी प्रश्नचिन्ह. बहुतेकजण अशा वेळी मूळ फोटो छापून मोकळे होतात. मला ते जमत नाही.

त्याचं कारण माझा उजवा हात. गेल्या पावसाळ्यापासून तो थरथरतो. मी मूळचा निगेटिव्हवर पेन्सिल चालवणारा रिटचर. डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी जिलेटिनवर ग्राफाइटचे बारीक ठिपके देऊन उजळलेली आहेत आणि प्रिंटवरचे पांढरे डाग ब्रशने बुजवलेले आहेत. आज तो ब्रश माझ्या हातात स्थिर राहत नाही. संगणकावर मात्र चित्र हवं तेवढं मोठं करता येतं, थांबत थांबत काम करता येतं आणि थरथर चित्रात उतरत नाही. गेलेला हात मला तिथे परत मिळाला. आणि तेच काम नेमकं प्रिंटर बाहेर ठेवतो.

नंदाखाल, गास, भुईगावकडच्या कुपारी ख्रिस्ती समाजाच्या लग्नात नवरीचा पांढरा झगा आणि आजीचं लाल लुगडं एका फ्रेममध्ये येतात. मांडवातले हे छोटे प्रिंटर रिबनवरचा रंग उष्णतेने कागदात उतरवतात. आधी पिवळा, मग मॅजेंटा, मग सायन आणि शेवटी वरचा पारदर्शक थर. कागद चारदा आत-बाहेर करतो. लाल रंग पिवळा आणि मॅजेंटा मिळून होतो. कॅमेऱ्याने लाल भडक टिपलेला असला की दोन्ही रंग भरभरून उतरतात आणि लुगड्याच्या चौकड्या, चुण्या, काठ सगळं एका लाल पट्ट्यात बुडून जातं. मी लाल थोडा खाली ओढतो, झग्यातला पांढरा जपतो. एवढंच माझं काम, पण ते केल्याशिवाय तो फोटो त्या बाईचा होत नाही.

म्हणून मी या नकाराच्या मागे लागलो. पहिला संशय नावावर. कॅमेऱ्यांच्या फाइलींसाठी डीसीएफ नावाचा १९९८ चा नियम आहे: डीसीआयएम फोल्डर, त्यात तीन आकड्यांनी सुरू होणारं उपफोल्डर आणि फाइलचं नाव म्हणजे चार अक्षरं, मग चार आकडे. ‘नवरी आणि आजी फायनल’ असं नाव आपल्याला सोयीचं; नियम काटेकोर पाळणाऱ्या यंत्राला मात्र तो फोटो वाटत नाही. नाव बदलल्यावर काही फोटो छापले गेले, काही तरीही अडले.

दुसरा संशय रंगावर. अल्बमच्या छपाईसाठी चार शाईंच्या हिशेबाने साठवलेली फाइल हे प्रिंटर घेत नाहीत. त्यांची रिबन पिवळ्या-मॅजेंटा-सायनची, पण फाइल मात्र लाल-हिरव्या-निळ्यातली लागते. तेही तपासलं, दोष तिथे नव्हता.

मग सापडला प्रोग्रेसिव्ह. जेपेगच्या १९९२ च्या मानकात फोटो साठवायचे जे प्रकार ठरले, त्यातले दोन इथे कामाचे. बेसलाइनमध्ये चित्र वरून खाली, पट्टीमागून पट्टी उलगडतं, त्यामुळे यंत्राला जागा थोडी पुरते. प्रोग्रेसिव्हमध्ये आधी अख्खं चित्र धूसर येतं आणि मग थराथराने स्पष्ट होतं. संथ इंटरनेटवर बघणाऱ्याची ती सोय. पण शेवटचा थर येईपर्यंत सगळं सांभाळून ठेवावं लागतं. २४ मेगापिक्सेलच्या फोटोला त्यासाठी ७० एमबीहून अधिक जागा लागते. छोट्या यंत्राचं वाचन बहुतेकदा बेसलाइनपुरतंच असतं. साठवतानाच्या खिडकीतली ‘प्रोग्रेसिव्ह’समोरची खूण काढली आणि अडलेले फोटो सरळ छापले गेले.

तरी दुखणं संपलं नाही. काही सॉफ्टवेअर फाइलच्या पोटातलं १६० बाय १२० बिंदूंचं जुनं छोटं चित्र तसंच ठेवतात. प्रिंटर पडद्यावर तेच दाखवतो, म्हणून तिथे भडक लुगडं दिसतं, कागदावर माझं उतरतं. छापेपर्यंत खात्री नाही, आणि चाचणीची पट्टी काढावी तर इथे डार्करूम नाही. रिबनचा एकदा वापरलेला भाग पुन्हा चालत नाही.

माझ्याकडे शिकायला येणारी नालासोपाऱ्याची मुलगी म्हणते, “काका, फोनवरून पाठवा ना, जातो.” जातो, हे खरं. फोन फाइल स्वतः उघडतो आणि प्रिंटरला समजेल अशी नव्याने बांधून देतो. पण त्या वाटेने मी बसवलेला लाल पुन्हा हलतो. मुलीची नजर चांगली आहे, तिला फरक दिसतो. फक्त तो फरक रांगेत उभ्या पाहुण्यांपेक्षा मोठा आहे, हे तिला पटत नाही.

मांडवातली नवी मंडळी तर बटण दाबून आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसतात आणि उन्हातान्हात वाडी केलेल्या माणसाला गोरं करतात. मला त्याचा राग येतो. फोटोला हात लावणं मुळात वाईट, असं म्हणणारेही मला पटत नाहीत. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ मध्ये. त्याच शतकात आपल्याकडच्या स्टुडिओंत फोटोवर ब्रशने रंग भरले जात होते. हात लावणं आमच्या धंद्याइतकंच जुनं. प्रश्न एवढाच, की त्या हाताने माणूस जास्त दिसतो की नाहीसा होतो.

आता मी बेसलाइन करून, कॅमेऱ्यासारखं नाव देऊन वेगळ्या कार्डावर फोटो टाकतो. मुलगी मूळ फोटो छापत रांग पुढे सरकवते. मी आज्यांचे फोटो मागे ठेवतो, हात फिरवून मग देतो. त्यांना थांबावं लागतं. त्या रागावत नाहीत, बाकीचे रागावतात.

यात सेवा कमी आणि हौस जास्त आहे, हे मला माहीत आहे. कुणाच्या घरी गेलो आणि कपाटाच्या काचेत माझा फोटो दिसला, तर मी चेहऱ्याआधी लुगड्याचा लाल बघतो. चौकडी सुटी दिसली की दिवसभर सुखात असतो. “हे कुणाला कळतं, काका?” असं मुलगी विचारते. घरच्यांना नाही कळलं तरी चालेल. उद्या त्या घरी दुसऱ्या लग्नाची ऑर्डर घ्यायला जो फोटोग्राफर जाईल, त्याला कळलं पाहिजे, आणि हा फोटो कुणी केला हे त्याने विचारलं पाहिजे.