चार बायांत बसलं की

३० सप्टेंबर. आज औशात ज्याच्या त्याच्या तोंडी किल्लारीचा भूकंप. १९९३ साली याच तारखेला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, आमच्या तालुक्यातली नांदती गावं दगडमातीखाली गेली. गणपती विसर्जन करून माणसं नुकती निजली होती. लातूर-उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या आसपास जीव गेले.

तेव्हा चाळिशीत असलेली माणसं आज सत्तरी ओलांडून गेलीत. आमच्या गल्लीतल्या आजी त्यांतल्याच. सासू आणि लेक त्या रात्री गमावली. अजूनही त्या माळवदाखाली झोपत नाहीत; ऊन असो, थंडी असो, अंथरूण पत्र्याच्या खोलीतच. पण पहाटे उठून ज्वारीच्या भाकरी थापतात, दुपारी वाती वळतात, सांजेला हरिपाठाला जातात. "रडू येतंच, माय. पण चार बायांत बसलं की सोसतं," म्हणतात.

कणखरपणा म्हणजे दुःख विसरणं नव्हे, हे मला त्यांच्याकडे पाहून कळतं. हाताला काम, बोलायला माणूस आणि आपली कुणाला तरी गरज आहे ही खात्री, एवढ्यावर माणूस उभा राहतो. २०१६ च्या पाणीटंचाईत लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा धीर दिला तो १९७२ चा दुष्काळ काढलेल्या याच पिढीनं.

आता मुलं पुण्या-मुंबईला आणि घरं मुकी. म्हाताऱ्यांना आपण गोळ्या वेळेवर देतो, वेळ देत नाही. औषधाइतकाच तोही त्यांना रोज मिळायला हवा.