भूल आणि उपाशी पोट

लहान मुलाचे हर्नियाचे अथवा टॉन्सिलचे ऑपरेशन ठरले की आमच्या धर्मग्रामातील मातांस चाकूपेक्षा भुलीचे भय अधिक वाटते. "फादर, निजलेलं पोर उठलंच नाही तर?" असे त्या मिस्सानंतर आम्हांस विचारतात. हा प्रश्न आम्हांला भाबडा वाटत नाही. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात न्यूकॅसलनजीक हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्याकरिता क्लोरोफॉर्म दिला असता काही मिनिटांतच गतप्राण झाली. ऑपरेशन नखाएवढे, प्राण गेला तो भुलीने! आपल्याकडे हैदराबादेत निजामाच्या खर्चाने १८८८ व १८८९ साली दोन मंडळे याच कोड्याचा शोध घेण्यास बसली. श्वासावर लक्ष ठेवा, हा त्यांचा निर्वाळा अर्धाच खरा ठरला. क्लोरोफॉर्म हृदयही बंद पाडते, हे पुढे सिद्ध झाले. ते औषध आता भुलीकरिता वापरीत नाहीत. आज बोटाला लावलेली चिमटी रक्तातील प्राणवायू क्षणोक्षणी दाखविते, आणि निरोगी मूल भुलीने दगावणे अत्यंत विरळ झाले आहे.

परंतु एक भाग घरच्यांच्या हाती असतो. भुलीत ठसका निजतो. पोटातले वर आल्यास ते फुप्फुसात उतरते. म्हणून सामान्यतः अन्न व गाईम्हशीचे दूध सहा तास आधी, अंगावरचे दूध चार तास आधी बंद करतात. साधे पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालते. (पूर्वी मध्यरात्रीपासून सारेच वर्ज्य असे. कम्युनियनचा तसाच उपास वृद्धांस आठवत असेल. १९६४ पासून तो एका तासावर आला.) तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले तास पाळावे, उगाच लेकराला तहानेने कासावीस करू नये.

आम्हांला खरी धास्ती आजीच्या मायेची वाटते. पोर रडते म्हणून पदराआडून एक बिस्कीट दिले जाते, आणि डॉक्टरांनी विचारले असता सारे घर मौन धरते. सर्दी-खोकलाही असाच लपविला जातो. कारण तारीख पुढे गेली तर गाडीभाडे वाया आणि रोजही बुडतो. गरिबाचे हे नुकसान खरे आहे, आम्ही ते हलके लेखीत नाही. तरीही सांगावेच; सर्दी झालेल्या मुलाची श्वासनलिका भुलीत एकाएकी आवळते. भूल कोण देणार, आणि मूल शुद्धीवर येईपर्यंत जवळ कोण राहणार, हे विचारण्यास संकोच कसला? मुलाचा दात हलत असेल तर तेही कानावर घालावे. नळी घालताना तो निसटून श्वासनलिकेत जाऊ शकतो.