आम्ही रांगेत उभे होतो

२०१० साली फिनिक्सच्या मराठी मंडळींत एसबी १०७० या कायद्याला माझ्याइतका हिरीरीने पाठिंबा देणारा दुसरा कोणी नसावा. मी तेव्हा चँडलरला राहायचो. एच-वन व्हिसावर होतो, ग्रीन कार्डचा अर्ज अडकून पडला होता. २३ एप्रिलला ॲरिझोनाच्या गव्हर्नर जॅन ब्रूअर यांनी सही केली आणि मग जिथे चार डोकी जमतील तिथे हाच विषय. पोलिसांनी एखाद्याला काही कारणाने थांबवलं आणि तो देशात बेकायदा राहत असल्याचा रास्त संशय आला, तर त्याच्या कागदांची चौकशी करायची. परवानगी नसताना काम मागणं हा राज्याचा गुन्हा. परकीय म्हणून झालेल्या नोंदणीचा कागद जवळ नसणं हाही गुन्हा.

माझा मुद्दा साधा होता. आम्ही रांगेत उभे आहोत, हे बेकायदा आलेले मधे घुसले. रांग खरीच होती. ग्रीन कार्डच्या ज्या वर्गात माझा अर्ज होता, त्यात भारतीयांपैकी २००१ साली अर्ज केलेल्यांचा नंबर २०१० मध्ये लागत होता. असा माणूस कडू होतो, आणि कडू माणसाला आपण न्यायाच्याच बाजूने बोलतोय असं वाटत राहतं.

ती रांग त्यांच्यासाठी नव्हतीच, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यावं असंही वाटलं नाही. डिग्री नसलेल्या, शेतात, बांधकामावर किंवा हॉटेलच्या मोरीत राबणाऱ्या माणसासाठी नोकरीच्या आधारावर कायमचं येण्याचा जो वर्ग आहे, त्यात वर्षाला जास्तीत जास्त दहा हजार व्हिसा. साऱ्या जगासाठी, बायकामुलं धरून. शिवाय मालकाने अर्ज करायला हवा. आमच्या अंगणातलं गवत कापायला जो माणूस यायचा, त्याच्यासाठी असा अर्ज कोण करणार होतं? मी तर त्याला रोख पैसे द्यायचो आणि कागद कधी विचारले नाहीत. शनिवारी सकाळी त्याच्या हातावर वीस डॉलर ठेवायचे आणि संध्याकाळी मराठी मंडळात बेकायदा मजुरांवर भाषण ठोकायचं, यात विसंगती आहे हे बायकोने एकदा सुनावलंही. मी विषय बदलला.

दुसरा घोळ वकिली थाटाचा. हा कायदा वंशद्वेषी आहे असं कोणी म्हटलं की मी दुरुस्ती पुढे करायचो. मूळ कायद्यात वंश किंवा रंग हे संशयाचं ‘एकमेव’ कारण असू नये अशी तरतूद होती. सही होऊन आठवडा उलटतो तोच विधिमंडळाने ‘एकमेव’ काढून टाकला. म्हणजे रंगाचा विचार करायचाच नाही. झालं समाधान? माझं झालं होतं. रस्त्याच्या कडेला गाडीच्या खिडकीशी वाकलेला पोलीस काय पाहून संशय घेणार, हा प्रश्न मी विचारलाच नाही. बेकायदा माणूस दिसतो कसा, ते आपल्याला माहीत नाही असं खुद्द ब्रूअरबाईंनी पत्रकारांना सांगितलं होतं.

आणि उत्तर तर आमच्याच काउंटीत पडलं होतं. २००७ साली शेरिफ जो आर्पायो यांच्या माणसांनी एक गाडी अडवली. आत बसलेल्या ओर्तेगा मेलेंद्रेस नावाच्या मेक्सिकन प्रवाशाकडे वैध टुरिस्ट व्हिसा होता, तरी त्याला काही तास अडकवून ठेवलं. त्यावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात न्यायाधीश मरे स्नो यांनी २०१३ मध्ये निकाल दिला की शेरिफचं खातं लॅटिनो लोकांना वंश पाहून लक्ष्य करत होतं. २०१० मध्ये तो खटला चालू होता. मी पेपरात फक्त हेडलाइन वाचली असेल. ते ‘त्यांचं’ प्रकरण होतं ना!

आता मंडळातल्या एका नागपूरच्या मित्राबद्दल. २००९ च्या मंदीत त्याची नोकरी गेली. तेव्हा एच-वनवाल्याला नोकरी गेल्यावर एका दिवसाचीही सवलत नव्हती, साठ दिवसांची मुभा २०१७ मध्ये आली. दुसरी कंपनी मिळेना, तो आऊट ऑफ स्टेटस झाला आणि मग आय-९४ ची, म्हणजे मुक्कामाच्या परवानगीच्या कागदाची, मुदतही संपली. आम्हाला सांगायचा, कन्सल्टिंग करतोय, घरून. त्या मुदतीबरोबर ड्रायव्हिंग लायसन्सही संपलं होतं, त्यामुळे गाडीचं काहीतरी काम निघालंय म्हणत मंडळाच्या कार्यक्रमांना माझ्या गाडीतून यायचा. बसला की नजर स्पीडोमीटरवर. “पासष्टची लिमिट आहे ना यार, जरा हळू घे.” मी चिडायचो. एकदा तर म्हणालो, “अरे, भितोस काय, आपले कागद चोख आहेत.” आणि तिथून पुढे ताजी बातमी धरून माझं व्याख्यान सुरू. तो खिडकीबाहेर बघत हं हं करायचा.

(माझेही फार चोख नव्हते. नागरिक नसलेल्या प्रौढाने नोंदणीचा कागद सतत जवळ बाळगायला हवा, हा केंद्राचा नियम १९५२ पासूनचा आहे. माझा आय-९४ पासपोर्टला स्टेपल करून बँकेच्या लॉकरमध्ये होता.)

२०११ मध्ये तो परत गेला. वर्षाहून अधिक काळ बेकायदा राहून बाहेर पडलेल्याला दहा वर्षं पुन्हा प्रवेश नाही. ती दहा वर्षं त्याच्या वाट्याला आली. खरं काय ते मला वर्षभराने फोनवर कळलं, जून २०१२ मध्ये. त्याच आठवड्यात सुप्रीम कोर्टाने १०७० ची वादातली तीन कलमं रद्द केली होती. पोलिसांनी कागद विचारण्याचं कलम मात्र तूर्त राहू दिलं होतं. माफी मागायला मी तोंड उघडलं तर तो हसला. म्हणाला, “मला पटत होतं बे तुझं. बेकायदा म्हणजे बॉर्डरवरून उडी मारून येतात ते, असंच वाटायचं. मुदत संपल्यावरही कितीतरी दिवस.”

माझं मत पुरतं फिरलं, असं नाही. सरहद्दीजवळच्या रँचवाल्यांची तक्रार खोटी नव्हती. १९८६ मध्ये रेगन यांच्या काळात सत्तावीस लाखांच्या आसपास लोकांना कायदेशीर केलं, त्याबरोबर मालकांवर जो वचक बसायला हवा होता तो बसला नाही, आणि वॉशिंग्टन नंतर हातावर हात धरून बसलं. राज्यं चिडतात ती उगाच नाही. टेक्सासने २०२३ मध्ये याहून कडक कायदा केला, तो वाचतानाही पहिल्यांदा मला त्यांचा राग समजला, मग ट्रॅफिक स्टॉप आठवला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. मंडळाच्या ग्रुपवर रांगेचं वाक्य पुन्हा आलं, जवळजवळ माझ्याच शब्दांत. मी दहा हजारांचा आकडा लिहून पाठवला. त्यावर एका तरुण मुलाने विचारलं, “मग काका, सगळ्यांना येऊ द्यायचं का?” नाही, असं मी लिहिलं. मग मालकांवर कारवाई, हंगामी कामाचे व्हिसा वगैरे बरंच टाइप केलं. तोवर ग्रुप गुढीपाडव्याच्या हॉलच्या भाड्यावर गेला होता.